बाहीपुढचा ठिपका

गिऱ्हाईक दारातून टेबलापर्यंत येईस्तोवर तिला त्याचं माप कळलेलं असायचं. फीत ती लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. म्हणून लहानथोर सगळे तिला मापबाई म्हणत आणि तिचं खरं नाव बहुधा तिच्याही लक्षात राहिलं नव्हतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी पायमशीन, खडूच्या रेघांनी पांढरं झालेलं कापड बेतायचं लांब टेबल, आणि माप द्यायला बायका उभ्या राहायच्या तो पडदा लावलेला कोपरा. त्या पडद्यामागे तीस वर्षांत तिने जे पाहिलं, ते एखाद्या डॉक्टरनेही पाहिलं नसेल. डॉक्टरकडे बाई हाड मोडल्यावर जाते, शिंपिणीकडे त्याच्या बऱ्याच आधी जाते.

"बाई, या खेपेला बाही जरा लांब ठेवा," असं एखादी म्हणायची. ऐन उन्हाळ्यात, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असताना म्हणायची. कारणं तयार असायची. उन्हाने हात काळे पडतात, डास चावतात, सासूबाईंना आखूड आवडत नाही. मापबाई मान डोलवायची, दंडावरचा काळानिळा वळ पाहिला न पाहिल्यासारखं करायची आणि मापाच्या वहीत बाहीच्या आकड्यापुढे पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायची. ठिपक्याचा अर्थ तिच्यापुरता पक्का होता. या बाईच्या दंडाला फीत आवळायची नाही, तिचं माप दुसऱ्या बाईसमोर मोठ्याने वाचायचं नाही, आणि काहीही विचारायचं नाही.

एरवी बाईची जीभ कात्रीहून धारदार. कुणाची सून कुणाशी बोलत नाही, कुणाच्या जावयाचं पोट किती सुटलं, सगळ्याची खबर तिच्याकडे. पण बाहीची गोष्ट निघाली की तोंडाला कुलूप. त्यालाही कारण होतं. तिचा नवरा नावाजलेला शिंपी. कापड मोजायच्या लाकडी गजाने तो तिला मारायचा. पहिल्यांदा मार खाऊन ती आईकडे गेली, तर आईने पाठीला तेल लावलं, पोटभर जेवू घातलं आणि संध्याकाळी स्वतः हात धरून परत आणून सोडलं. नवराच तो, रागावला तर मारायचाच, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारणींनी डोळे बारीक करून विचारलं, "काल तुमच्याकडे कसला गं आवाज?" गजापेक्षा ते विचारणं तिला जास्त लागलं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही जगाची रीत. आपण तरी कुणाचं वाकून बघायचं नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं. बाई भली होती, त्यात शंका नाही. भलेपणाही कधीकधी आंधळा असतो, एवढंच.

नवरा तापाने गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. मापबाईने गज फक्त कापड मोजायला ठेवला आणि पोरीला आयुष्यात एक चापट मारली नाही. पोरीने एकदा नवरीच्या कपड्यावर मशीनच्या तेलाची बाटली उपडी केली, तरी नाही. त्यावर सल्ला द्यायला अख्खी गल्ली हजर. हात उचलल्याशिवाय वळण लागत नाही, लाडाने डोक्यावर बसेल, मग रडत बसशील. मापबाई म्हणायची, वळण कापडालाही लागतं, त्याला काय मी झोडपते?

जावई तिने पारखून घेतला. तो औषधांच्या दुकानात कामाला होता, बोलणं मऊ, नजर खाली. लग्नाचा सदरा शिवायच्या निमित्ताने बाईने त्याला तीन वेळा मापाला बोलावलं. तिची एक ठाम समजूत होती, की माणूस मापाला उभा राहिला की त्याचा स्वभाव कळतो. संतापी माणूस दुसऱ्या टाचणीला वैतागतो, खांदा उडवतो. हा तिन्ही वेळा खांबासारखा उभा राहिला. तरीही तिने शब्द मागितला. "माझ्या मुलीवर हात उचलायचा नाही." तो हसून म्हणाला, "आई, ते माझ्या अंगातच नाही हो." बाईने विश्वास ठेवला. इतकी वर्षं माणसं मोजली होती तिने, आणि नेमकं घरचं माप चुकलं.

नात झाली, सहा वर्षांची झाली. दोन वर्षांपूर्वी मुलीने कपडे शिवायला टाकणं बंद केलं. आता तयार कपडेच घेते, तुला कशाला त्रास, तुझे डोळे दमतात, असं म्हणाली. मापबाईला वाईट वाटलं. शिंपिणीच्या लेकीने दुकानातला कपडा घालावा? पण मुलगी लांब बाह्यांचे कपडे घालून यायची आणि ते तिला शोभत होते. बाईने तसं तिला सांगितलंही होतं.

मग एके दिवशी मुलगी भेटायला आली असताना दाराच्या कडीत तिची बाही अडकली आणि टोकाशी उसवली. नात अंगणात खेळत होती. बाई सुई घेऊन बसली, बाही उलटी केली आणि थांबली. आतली तुरपाई हाताची होती आणि टाके उलट्या बाजूला कलले होते. तसे टाके घालणारी तिला एकच माहीत होती. डावरी. सोळाव्या वर्षी ती बाईकडे शिकायला आली, डाव्या हाताने शिवायची, तिचा हात सुधारायचा नाद शेवटी बाईने सोडून दिला होता. आता तिचं स्वतःचं दुकान होतं, मुलीच्या घराजवळ.

म्हणजे तयार कपडे वगैरे सगळं खोटं. बाईने चार टाके घातले, दोरा तोडला आणि मुलीला ताकास तूर लागू दिली नाही. ती गेल्यावर चपला घालून तडक डावरीकडे गेली. जाताना वाटेत तिला रागच होता, की माझं गिऱ्हाईक पळवलं. तेवढाच राग असता तर किती बरं झालं असतं!

डावरीने तिला पाहिलं आणि हातातली कात्री टेबलावर ठेवली. बाईने वही मागितली. गुरूला नाही म्हणायची सोय नव्हती. पानावर मुलीचं माप होतं, छाती, कंबर, बाही, आणि बाहीपुढे ठिपका. त्याच्या वर आणखी एक माप, तिथेही ठिपका. दोन वर्षांचे ठिपके. बाई बाकावर बसली.

"मला सांगितलं का नाहीस?" तिने विचारलं.

"बाई, तुम्हीच शिकवलंत," डावरी हळूच म्हणाली. "बघायचं, पण विचारायचं नाही. कुणाला सांगायचं नाही."

"अगं, माझी मुलगी आहे ती."

"बाकीच्याही कुणाच्या तरी होत्याच की, बाई."

मापबाईने नुसतं पान उलटलं. पुढच्या पानावर नातीचं माप होतं. बाही तेरा इंच. तेराच्या पुढे ठिपका.

दुसऱ्या दिवशी तिने निरोप धाडला, की नातीच्या शाळेच्या गणवेशाचं कापड घेऊन ये, या वर्षी मीच शिवणार. मुलगी पोरीला घेऊन आली. पोरीला आतल्या खोलीत चित्रं काढायला बसवून बाईने दार ओढून घेतलं आणि सरळ सांगितलं, की मी डावरीची वही पाहिली. मुलगी रडेल असं तिला वाटलं होतं. मुलगी रडली नाही. म्हणाली, रोज नाही मारत. दमून येतो, डोकं फिरतं, माझंही चुकतं. भांड्याला भांडं लागतंच. बाहेर कुणालाही विचार, त्याला सगळे चांगलंच म्हणतील. बाई ऐकत होती आणि तिला वाटत होतं, की हे बोलणं आपल्या आईचं आहे, ते माझ्या लेकीच्या तोंडात कुणी घातलं? आपण तर कधी घातलं नाही. तिने सांगितलं, आजपासून तू इथेच राहायचं, मायलेकी दोघींनी. आणि त्याला म्हणावं, पोरीला पुन्हा हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.

मुलीने यावर मान फिरवली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझ्या पडद्यामागून किती बायका परत घरी गेल्या, आई? एकीला तरी थांब म्हणालीस?"

"त्या परक्या होत्या."

"माप द्यायची मला लाज वाटली, म्हणून डावरीकडे गेले. पण बाह्या तर तुला दिसत होत्या ना? दोन वर्षं मी भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून तुझ्यासमोर बसले. वाटायचं, आज विचारशील, उद्या विचारशील. तू म्हणालीस, छान दिसतात."

मापबाईने टेबल धरलं. मग तिने कापड ओढलं, खडू उचलला आणि म्हणाली, की पोरीच्या बाह्या आखूड होतील. कोपराच्या वर. काय असेल ते शाळेला दिसू दे. मुलीने तिच्या हाताखालून कापड काढून घेतलं, घडी घातली, मग डावरी शिवेल म्हणाली आणि पोरीला हाक मारून निघून गेली.

बाई भर दुपारी दुकान उघडं टाकून त्यांच्या मागे निघाली.

डावरीच्या दुकानात बाकावर तीन बायका कापडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोर स्टुलावर उभी होती. डावरीने तिच्या दंडाशी फीत धरली होती, सैल, शिकवल्यासारखी. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. मापबाई दारात उभी राहून धापा टाकत म्हणाली, "विचार तिला. दंडाला काय झालंय, विचार."

डावरीने विचारलं नाही. बाकावरच्या बायका आपापल्या कापडाचा पोत बघू लागल्या. मग मापबाईनेच विचारलं, चारचौघींत, आयुष्यात पहिल्यांदा. "कुणी मारलं गं तुला, बाळा? बाबांनी?"

पोरीने आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा मला नाही मारत. आई मारते." आणि आजीचा चेहरा बघून घाईने पुढे म्हणाली, "पण मी चुकले होते, आजी."

मापबाईने मुलीकडे पाहिलं. जिला तिने एक चापट मारली नव्हती ती तिची मुलगी भिंतीशी खाली बघत उभी होती. शब्द देऊन फिरला तो जावई, गप्प राहिली ती डावरी, आणि आता ही. फसवणाऱ्यांची नावं घेत बसली असती तर शेवटी तिला स्वतःचंही घ्यावं लागलं असतं.

"शहाणी आहे हो पोर," बाकावरची एक बाई कौतुकाने म्हणाली. "एवढ्याशा वयात केवढी समज." बाकीच्या दोघींनी माना डोलावल्या. डावरीने फीत काढली, वहीत तेरा लिहिलं आणि खाली मान घालून त्याच्यापुढे ठिपका दिला.