उपाशी ड्रमांना भंडारा

बिदरजवळच्या कमठाण्याचे आमचे मल्लेशमामा फोनवरही मेंढरं हाकल्यासारखं बोलतात. त्यांचा बाप मेंढरांमागं हिंडला. मामा दहावी करून गोव्याला गेले आणि समुद्राच्या संशोधन-जहाजावर पाण्याचे नमुने भरायला लागले. "शिवारच म्हण की, पर निळं. अन् बांध कुठंच न्हाई!"

२००९च्या सफरीत जहाजावर समुद्राच्या पाण्याचे सहा ड्रम मांडले होते. चारांत लोहाचं मीठ टाकलं, दोन तुलनेसाठी तसेच ठेवले. लोहानं शेवाळ वाढून हवेतला कार्बन ओढला जातो का, आणि पाण्यातल्या बाकी जिवांना त्यानं इजा होते का, हे बघायचं होतं.

सफर संपून मामा सुट्टीवर घरी असताना मॅडमचा फोन आला. या शास्त्रज्ञ मॅडम प्रत्येक शब्दाला इस्त्री करून बोलतात. "मल्लेश, साध्या ड्रममध्येही तितकंच शेवाळ वाढलंय. म्हणजे लोहानं फरक पडत नाही, असं अहवालात लिहावं लागेल. भरताना तुम्ही काही वेगळं केलं नव्हतं ना?"

मामांनी फोन छातीशी दाबला.

"काय टाकलाव त्यात?" शेजारून ऐकणारी रेणुकामामी कुजबुजली.

"भंडारा. मैलार मल्लण्णा देवाची हळद, त्या दोन साध्या ड्रमांत चिमूट चिमूट. चौघांना खुराक मिळाला अन् ही दोघं उपाशी! कळपातलं एकबी असं वगळतेत व्हय?"

"मग गप ऱ्हावा. पुढल्या महिन्यात नोकरीत कायम व्हायलाव. कामून तोंड उघडायलाव?"

"अगं, माझ्यापायी ती बाई खोटं लिहील की."

आणि मामांनी सांगून टाकलं.  पलीकडून इस्त्री मोडलेला आवाज आला, "हळद? तिच्यातही लोह असतं! किती?"

"चिमूटभर, म्याडम."

"ग्रॅममध्ये सांगा."

दुसऱ्या दिवशी मामा बिदरला रामराव सोनाराच्या काट्यावर दहादा चिमूट सोडत बसले. रामराव वैतागले, "अण्णा, सोनंबी मी इतक्यांदा तोलत न्हाई!"

मामांनी दहाही वजनं फोनवर वाचून दाखवली. मॅडम म्हणाल्या, दोन्ही ड्रम बाद, प्रयोग पुन्हा करावा लागेल, आणि कायम करायचा कागद तूर्त थांबेल. मामा नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होते. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आणि पुढच्या सफरीत ड्रमजवळ यायच्या आधी खिसे उलटे करून दाखवायचे."

मामी फोनला कान लावूनच उभी होती. मामांच्या दंडाला चिमटा काढत म्हणाली, "म्हंजी पुढच्या सफरीला न्यायलीय की हो तुमाला!"