पांढरा बलक आणि उंदीरबाई

आष्टीच्या बाजारात उघड्यावर अंडी घेणारी लिंगायत वाण्याच्या घरातली बाई मी एकच पाहिली. अंडीवाला संकोचून कागदात गुंडाळायला लागला की त्या म्हणत, "झाकता कावून? उंदरांसाठी हायेत." यावर कुणाचाच विश्वास बसत नसे.

आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. पोरं त्यांना उंदीरबाई म्हणत आणि त्या खुशाल 'ओ' देत.

त्यांचा ध्यास असा. अंड्याचा पांढरा बलक उंदराच्या शरीराला परका. मोठ्या उंदराला तो टोचला की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. पण जन्मल्याच दिवशी टोचला, तर पुढं शरीर त्याला आपलाच मानतं. पुस्तकात तसं लिहिलं होतं. "पुस्तक खरंच हाय," बाई म्हणायच्या, "पण आपल्या उंदरांनी कुठं वाचलंय?"

पिल्लू शेंगदाण्याएवढं. त्याला परका वास लागला तर आईच खाऊन टाकायची. म्हणून बाई आधी पिंजऱ्यातला भुसा हातांना चोळत, मग सुई धरत. त्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावर कुणी बसत नसे.

टोचलेली पिल्लं मोठी होत होती आणि दुष्काळ पडला. दूध संघाचा टँकर पाणी घेऊन कॉलेजला एक दिवसाआड येऊ लागला. प्राचार्य म्हणाले, "उंदीर सोडून द्या, बाई. माणसांनाच पाणी न्हाई." रक्ताच्या तपासणीला अजून महिना होता. बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून घरच्या वाट्यातला तांब्या घेऊन येऊ लागल्या. केस धुणं बंद केलं. "लई खाजतंय," एवढीच तक्रार. आठवड्यानं मीही तांब्या आणू लागलो. मग एके दिवशी प्राचार्यांच्या घरूनही एक कळशी आली.

तपासणीआधी सगळ्याच उंदरांना, जन्मदिवशी न टोचलेल्या साध्यांनाही, बलक टोचून झाला होता. तपासणीच्या दिवशी बारीक नळ्यांत प्रत्येकाच्या रक्ताचा द्रव आणि त्यावर बलकाचं पाणी सोडलं. साध्या उंदरांच्या नळ्यांत पांढरं कडं, म्हणजे प्रतिद्रव्यांची खूण, उमटलं. जन्मदिवशी टोचलेल्यांच्या नळ्या स्वच्छ राहिल्या, एक सोडून.

"तेवढी गाळा की, बाई," मी म्हणालो.

"त्यानं बी महिनाभर आपलंच पाणी पिलंय," बाई म्हणाल्या. "त्याचं लिवायचं न्हाई व्हय?" आणि लिहिलं.

त्या निवृत्त झाल्यावर एकदा पाटोद्याला भेटायला गेलो. विचारलं, "तो प्रयोग छापायला का नाही पाठवला?"

"पाठवलता की. नवं काई न्हाई म्हणून परत आला."

"वाईट वाटलं असेल."

"कावून? त्यांचं बरोबरच हाय." बाईंनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "नवं होतं ते आपल्याला."