बाजाराकडे तोंड असलेलं दार

“बायकांच्या बाजूला कोण जातं का?” मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

“कुणीच नाही, साहेब.”

“मग तिथं दोन गाळे काढा. भाडं तरी येईल.”

मी मान डोलावली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत डिप्लोमा करून मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेत ज्युनिअर इंजिनिअर लागलो होतो. बाजारतळावरचं शौचालय माझ्याच ड्रॉइंगवर बांधलेलं. मधे भिंत, एकीकडे पुरुष, एकीकडे स्त्रिया. दोन्हीकडे क्षेत्रफळ सारखं. याचा मला अभिमान होता.

गाळ्यांचं माप घ्यायला नेमका बाजारादिवशी गेलो. टेप घेऊन बायकांच्या दारात पाय ठेवला, तोच मागून आवाज आला.

“आवं सायेब, तिकडं कुठं? आपलं हिकडं हाय.”

“आसू दे रं,” दुसरा म्हणाला, “घाईची लागली आसंल.”

दारासमोर भरलेला अख्खा शेळ्या-शेरडांचा बाजार हसला. आत जाऊन माप घेतलं, पण बाहेर यायला पाय उचलेना.

दार मी बाजारासमोर ठेवलं होतं. दारापुढे आडोशाची भिंत बांधतात, आतलं दिसू नये म्हणून. ती ड्रॉइंगमध्ये होती. तिच्यामागे उद्घाटनाची पाटी झाकली जाईल असं साहेब म्हणाले, आणि मी ती मुकाट्यानं खोडली.

बाहेर माण तालुक्यातल्या सरूबाई शेरडं धरून बसल्या होत्या. नवरा मुंबईला, त्यामुळं बाजार त्याच करायच्या.

“मावशी, तुम्ही आत का जात नाही?”

“कसं जायाचं? समोर थोरलं दीर बसल्यात. लेकीच्या सासरचं पाव्हणं बसल्यात.”

“मग दिवसभर?”

“बाजारादिवशी पानी पीत न्हाई आमी.”

साहेबांना म्हणालो, “गाळे थांबवा. दार मागच्या बोळात काढतो. तिकडं भाजीवाल्या बसतात.”

“ड्रॉइंग तुझंच होतं ना?”

“हो साहेब. म्हणूनच.”

“महिनाभर बघू. कुणी फिरकलं नाही तर गाळे.”

पुढचं दार विटांनी बुजवलं. तीच चौकट उपटून मागे बसवली. पुढच्या बाजारी बोळात बायकांची रांग लागली. पुरुषांकडे रांग नव्हती. तेवढ्याच जागेत त्यांच्याकडे संडास होते आणि शिवाय मुताऱ्यांची ओळ. मुतारीला हातभर जागा पुरते, संडासाला खोली लागते. सारख्या क्षेत्रफळात बायकांना निम्मीसुद्धा सोय मिळाली नव्हती.

रांगेत सरूबाई होत्या. म्हणाल्या, “दार फिरवलंसा, ब्येस झालं. आता ती मधली भित बी सरकवा की जरा तिकडं.”

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “पुरुष ओरडतील.”

गाळे रद्द झाले. भिंत मात्र मी ती नोकरी सोडेपर्यंत जागची हलली नाही. हल्ली ड्रॉइंग करताना दारासमोर कोण बसतं ते आधी विचारतो. मग एका वेळी किती जणी आत जाऊ शकतील ते बघतो. क्षेत्रफळ सगळ्यात शेवटी काढतो.