मित्सुएच्या देव्हाऱ्यातली बाई

नागासाकीत घर घेण्याआधी माणसाने स्वतःचे गुडघे तपासून घ्यावेत, असं माझा नवरा म्हणायचा. आमचं तोफूचं दुकान चढणीच्या तळाशी आणि मित्सुएचं घर पार वर, पायऱ्या संपतात तिथे. ती किमोनो शिवायची. गिऱ्हाइकं धापा टाकत वर पोचायची आणि ही टेप हातात घेऊन म्हणायची, "आधी श्वास खाली बसू दे, नाहीतर मापात तुमचा दमच येईल." जिभेला हाड नव्हतं बाईच्या. पण मी गोतो बेटावरून लग्न होऊन या गल्लीत आले, तेव्हा माझ्या बेटावरच्या बोलण्याला सगळी गल्ली हसली आणि ही एकटी हसली नाही. तेव्हापासून आमचं जमलं ते शेवटपर्यंत.

बॉम्ब पडला तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्या दिवशी डोंगरापलीकडे तोमे आत्याकडे होती, म्हणून वाचली. आई उराकामीच्या घरात होती, बॉम्ब पडला त्याच भागात. घर गेलं, आई गेली, हाडंसुद्धा हाती लागली नाहीत. वडील आधीच बोटीबरोबर बुडाले होते. आणि घरातले सगळे फोटो घराबरोबर जळाले. हे शेवटचं लोकांना किरकोळ वाटतं, पण तसं नसतं. आमच्याकडे पितरांच्या देव्हाऱ्यात नावाची पाटी असते आणि जवळच माणसाचा फोटो. सकाळी भांड्यातला पहिला भात त्यांच्यापुढे ठेवायचा, घंटी वाजवायची, चार शब्द बोलायचे, मग आपण घास घ्यायचा. मित्सुएच्या आईची नुसती पाटी होती. पाटीशी काय बोलू, म्हणून ती आत्याच्या मागे लागायची. डोळे मीट, दिसेल आई, असं आत्या सांगायची. त्यावर ही म्हणायची, दिसते, पण एका जागी थांबत नाही. आई तोंडावर बाही धरून हसायची, चुलीकडे मान वळवायची, आणि गेली.

अमेरिकन सैन्य देशातून गेलं आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेले बॉम्बचे फोटो मासिकांत छापून यायला लागले. एक फोटो आमच्या लष्कराच्या माणसाने बॉम्बच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेला. ट्रामच्या रुळाशी एक बाई बसली आहे, अर्धा गाल भाजलेला, मांडीवर किटली, आणि नजर सरळ आपल्याकडे. तेरा वर्षांच्या मित्सुएने तो न्हाव्याच्या दुकानात पाहिला आणि मासिक छातीशी धरून घरी पळत आली. तोमे आत्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ओठ तर वहिनीचेच वाटतात. तिला खरंच खात्री होती, का पोरीच्या रोजच्या विचारण्याला ती नुसती थकली होती, हे मला कधी कळलं नाही. जाब विचारावा तर आत्याही आता पाटीवर आहे.

मग त्या मासिकाचं पान तागावांच्या स्टुडिओत गेलं. मेलेल्या माणसाचा नीटसा फोटो नसला की सहलीतल्या, वरातीतल्या कुठल्याही फोटोतून चेहरा उचलायचा आणि खाली समारंभाचा काळा किमोनो रंगवायचा, हे आमच्या फोटोवाल्यांचं नेहमीचं काम. तागावांनी फक्त घराण्याचं चिन्ह कोणतं ते विचारलं, कारण काळ्या किमोनोवर ते लागतंच. मित्सुएने तीन पानांचं चिन्ह सांगितलं. भाजलेला गाल त्यांनी पुसला, केस विंचरले, किटली गेली, आणि देव्हाऱ्यात एक शांत, घरंदाज बाई येऊन बसली.

मित्सुएचं लग्न झालं नाही. आईला शोधायला ती आत्याबरोबर त्या राखेतून हिंडली होती, आणि राखेतलं विष पोरांत उतरतं या भीतीने अशा मुली लोक करून घेत नसत. मग दिवसभराचं सगळं त्या बाईला सांगायचं. कोणाची कंबर वाढली, कोणी बिल बुडवलं, मी तोफू खारट केला हेसुद्धा. चाळिशी उलटल्यावर ती बॉम्बच्या संग्रहालयात शाळेच्या मुलांना आठवणी सांगायला जायला लागली. भिंतीवर तो फोटो माणसाएवढा मोठा करून लावलेला. त्यासमोर उभी राहून ती म्हणायची, ही माझी आई. सुरुवातीला मुलांना ती बाही तोंडावर धरून हसणारी आई सांगायची. पुढे पुढे ते गळालं. उरली ती तहानलेली, किटली धरून बसलेली आई. ती किटली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगायची, आणि ऐकणाऱ्यांत मीही रडायचे.

तिला छप्पन्न वर्षं पूर्ण झाली त्या वर्षी इसाहायाहून ओगाता नावाचे एक गृहस्थ आले. संग्रहालयातल्या लोकांनी तिला विचारूनच पत्ता दिला होता. फोटोतल्या बाईचे नातलग, एवढाच निरोप होता. मित्सुएला वाटलं, आईच्या माहेरचं कोणी सापडलं. तिने सणाचा लाल भात शिजवला, मला तोफू घेऊन वर बोलावलं, दोनदा ओट्यावरून फडकं फिरवलं.

ओगाता बस चालवून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांच्या आजीने घरात बॉम्बचा एकही फोटो येऊ दिला नव्हता. मासिकात पान आलं तर ती फाडून टाकायची. त्यांनीही पुढे जन्मभर नजर वळवली. यंदा नातीचा हट्ट म्हणून संग्रहालयात गेले आणि भिंतीपुढे बसकण मारली. एवढं सांगून त्यांनी खिशातून आईच्या लग्नाचा फोटो काढला. तीच बाई. तेच ओठ, तीच एका बाजूला किंचित चढलेली भुवई. मी कुठे काही वेगळं सापडतंय का म्हणून जीव तोडून बघत होते. काही सापडलं नाही. मित्सुएही बघत राहिली, आणि तिचा चेहरा मला बघवेना.

ओगाता देव्हाऱ्यापुढे गेले, घंटी वाजवली, कपाळ जमिनीला टेकवलं. उठल्यावर हळूच म्हणाले, "हे चिन्ह आमच्या घराण्याचं नाही." तक्रार नव्हती त्यात. मग मित्सुएकडे वळून ते पुन्हा वाकले.

"आमच्या घरी आईला कधी भात ठेवलाच नाही. आजी म्हणायची, ती परत येणार आहे, जिवंत माणसाचं पान पितरांत मांडू नका. आजी गेल्यावरही कोणाचा धीर झाला नाही. तुम्ही मात्र रोज वाढत आलात, ताई. हे उपकार मी कसे फेडू?"

मित्सुए देव्हाऱ्याकडे वळली.

"तुमची आई जेवली," ती म्हणाली. "मग माझ्या आईला इतकी वर्षं कोणी वाढलं?"

ओगाता म्हणाले, फोटो राहू दे इथेच, तिला तुमच्या हातची सवय झाली आहे. मित्सुएने ऐकलं नाही. फोटो कापडात बांधला आणि आधी तिचे कपडे बदलून घ्या, तुमचं चिन्ह लावा, असं बजावून त्यांच्या हातात दिला. आमच्याकडे अंत्ययात्रेत थोरला मुलगा मेलेल्याचा फोटो धरतो तसा तो छातीशी धरून ओगाता पायऱ्या उतरले. लाल भात तसाच राहिला.

मी मूर्ख, तिचं सांत्वन करायला गेले. म्हटलं, पाटी होतीच की आईच्या नावाची, भात तिलाही पोचला असेल.

"पाटीकडे मी बघितलं कधी? मी त्या बाईशी बोलत होते."

"मग आरशात बघ. लेकीच्या चेहऱ्यात आई असतेच."

"आत्या म्हणायची, मी पुरती बाबांवर गेलेय," ती म्हणाली आणि थोडं हसलीसुद्धा. ते हसू बघून मला खाली निघून जावंसं वाटलं.

संग्रहालयात ती परत गेली नाही. मुलांना आता काय दाखवू, म्हणाली.

ओगाता येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोफू द्यायच्या निमित्ताने मी वर गेले. देव्हाऱ्यात पाटीपुढे भाताची वाटी होती आणि शेजारी फोटोची जागा रिकामी. मित्सुए तिथेच बसून होती. डोळे रडून सुजलेले.

"आईच्या नावाने ठेवला गं भात," ती म्हणाली. "ती बाही, ते हसणं, सगळं आठवून बघितलं. डोळे मिटून हाक मारली. तर जेवायला तीच आली, किटलीवाली."

"मग काय केलंस?"

"वाढलं. दारात आलेल्या बाईला उपाशी कशी पाठवू?"

आणि तुझी आई, हे मी विचारलं नाही.