तिच्या देशाचा शुक्रवार

आमच्या बाईंच्या प्रार्थना गटाला जगाची फार काळजी. दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी कतारच्या दोह्यात कुणा ना कुणाच्या घरी सगळे जमतात आणि एका दुःखी देशासाठी रोझरीची माळ म्हणतात. बहुतेक वसईकडचे, ऑफिसांत आणि हॉस्पिटलांत चांगल्या जागांवर असलेले. ज्याच्या घरी माळ, त्याने त्या देशाचा नकाशा छापून भिंतीला लावायचा, तिथल्या हालअपेष्टा मोबाइलवरून वाचून दाखवायच्या आणि शेवटी त्या देशाचं खाणं ठेवायचं. खाण्याचं कुणी काढलं माहीत नाही, पण त्यात आता चढाओढ लागली आहे. लोकांना पीठ मिळत नाही अशा एका देशासाठी अबू हमूरच्या एका व्हिलात सात पदार्थ झाले होते. ते करायला बाईंनी मला उसनी दिली होती, म्हणून मी पाहिलेलंच सांगते आहे. डोळे पुसून झाल्यावर माणसं प्लेटांकडे किती लवकर पोचतात, ते स्वयंपाकघराच्या दारातून चांगलं दिसतं.

मी बाईंच्या माहेरच्या गावची. अल सद्दच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाक माझ्याकडे आहे. झाडूपोछा, कपडे आणि दोन मुलं सांभाळायला इथिओपियाची एक बाई आहे. आम्ही दोघी एका खोलीत झोपतो. ती मला सिस्टर म्हणते. बोलतो मोडक्या हिंदीत, ती तिच्या पद्धतीची मोडते, मी माझ्या. तिची नऊ वर्षांची मुलगी गावाला आजीकडे. तिकडे लढाई लागली आणि फोन बंद पडले. चार महिने तिने मुलीचा आवाज ऐकला नव्हता. रोज दुपारी भांडी झाली की ती तोच नंबर लावायची आणि न लागलेला फोन कानाला तसाच धरून बसायची.

एका मंगळवारी ती खालून कचरा टाकून धावतच वर आली. खालच्या मजल्यावर कामाला असलेल्या तिच्या देशाच्या बाईने तिला सांगितलं होतं की तिच्या गावचा एक माणूस इंडस्ट्रियल एरियात आहे आणि त्याच्याकडे गावाहून कुणाच्या तरी हाती निरोप आला आहे. येत्या शुक्रवारी तो चर्चच्या आवारात येणार होता. तिथे एका हॉलमध्ये तिच्या लोकांची उपासना असते. त्याची कंपनी महिन्यातून एकदाच बस देते आणि ती बस सहाला परत निघते. त्याचा नंबर त्या बाईकडेही नव्हता.

तिने बाईंकडे तीन तासांची सुट्टी मागितली. बाई हसल्या.

"या शुक्रवारी? अगं, या शुक्रवारी तर तुझ्याच देशासाठी माळ आहे आपल्याकडे!"

तिला काही कळलं नाही. बाई माझ्याकडे वळल्या. "समजाव गो तिला. एवढं सगळं तिच्या लोकांसाठीच करतोय ना आपण? आणि ती आंबट भाकरी तिच्याशिवाय कोण करणार? तुला येते?"

मला येत नव्हती. मी मान हलवली आणि तिला म्हटलं, "मॅडम ना बोला." एवढंच भाषांतर पुरलं.

त्या भाकरीचं पीठ तीन दिवस आंबवावं लागतं. मंगळवारीच तिने ते भिजवलं. शुक्रवारी सकाळी बाई चर्चमध्ये मिस्सा करून आल्या आणि तिला म्हणाल्या, तुझा तो काठाचा पांढरा पोशाख घाल, छान दिसेल. चारला मंडळी आली. तिला नकाशाजवळ ट्रे घेऊन उभी केली. हॉस्पिटलात नर्स असलेल्या एक आंटी तिला बघून खूश झाल्या.

"म्हणजे ही खरीच तिकडची? किती छान! व्हेअर इज युवर व्हिलेज? दाखव ना."

तिने ट्रे माझ्या हातात दिला आणि नकाशावर शोधलं. गाव काही त्यात नव्हतं. शेवटी एका रिकाम्या जागी तिने बोट ठेवलं. आंटींनी त्याचा फोटो काढला.

माळ सुरू व्हायला पाच वाजले. माळेत दहा-दहा मण्यांची पाच रहस्यं, आणि आमच्यात प्रत्येक रहस्याआधी एकेक जण हेतू सांगतो, म्हणजे ते दहा मणी कुणासाठी ते. पहिला हेतू गटाच्या पुढाऱ्यांनी सांगितला. त्यांना सगळे ब्रदर म्हणतात, ते मोठे इंजिनियर आहेत. दोन्हीकडच्या नेत्यांना सद्बुद्धी मिळो. दुसरा आंटींचा, घर सोडून निघालेल्या बायांसाठी. तिसरा आमच्या बाईंचा. "जी लेकरं आज आपल्या आयांपासून तुटली आहेत, त्यांच्यासाठी." बाई डोळे पुसू लागल्या. त्या खोटं रडत नव्हत्या, हे मला मान्य करावं लागेल. त्यांना खरंच रडू येतं, आणि तेवढ्यावर त्यांचं भागतं. तुटलेल्या लेकराची आई त्यांच्यापासून चार हातांवर प्लेटा पुसत होती. तिला मराठी कळत नाही. ती घड्याळाकडे बघत होती.

चौथं रहस्य नेहमी माझं. स्वयंपाकीणही हेतू सांगते, हे बाईंना बरं दिसतं. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते. मी मान खाली घालून "सर्व आजाऱ्यांसाठी" म्हणते आणि सुटते. त्या दिवशीही तेच तोंडात आलं होतं. मंगळवारपासून मी गप्प होते, तेव्हा या लोकांना हसायचा मला तरी काय अधिकार?

मी म्हटलं, "हिच्या मुलीची खबर घेऊन आलेला माणूस आत्ता चर्चच्या आवारात आहे. सहाला त्याची बस जाईल. कुणीतरी हिला गाडीने सोडा."

खाली त्यांच्या सहा गाड्या उभ्या होत्या. कुणी चपलेकडे बघितलं, कुणी मण्यांकडे. मग ब्रदर डोळे मिटून म्हणाले, "फार सुंदर हेतू. आपण हे प्रभूच्या हाती सोपवू या. हे दहा मणी त्या मुलीसाठी." आणि सगळ्यांनी नमो मरिया सुरू केलं. सुटल्यासारखा आवाज होता.

देवावर माझाही विश्वास आहे. पण गाडीची चावी देवाकडे नव्हती, यांच्या खिशांत होती.

दोन मणी मी म्हटले. तिसऱ्याला उठले, तिचा हात धरला आणि दार उघडलं. मागून दोन नमो मरियांच्या मध्ये बाईंचा आवाज आला, "अगं, भाकऱ्या कोण वाढणार?"

टॅक्सी लवकर मिळाली, पण पोचायला पावणेसहा झाले. आवाराबाहेर तीन बसेस इंजिन सुरू करून उभ्या होत्या. ती प्रत्येक खिडकीखाली जाऊन गावाचं नाव ओरडू लागली. तिसऱ्या बसमधून निळ्या शर्टातल्या एका माणसाने डोकं बाहेर काढलं. खिडकीतून दोघं बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. बोलता बोलता ती मटकन खाली बसली. पांढरा पोशाख धुळीत. मला वाटलं, मुलगी गेली.

बस गेल्यावर तिने वर बघितलं. "बेटी जिंदा, सिस्टर. दूसरा गाँव में, चर्च में है." मग उठता उठता, "मम्मा खलास."

घरी बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. सकाळी खबर कळली तसा राग गेला. त्यांनी गटात निरोप टाकला: मुलगी सुखरूप, आपली प्रार्थना ऐकली गेली. आजीचं त्यात काही नव्हतं. ब्रदरांनी उलट निरोप धाडला, पुढच्या माळेला तिला प्रार्थनेला फळ आल्याची साक्ष द्यायला आणा.

पुढच्या शुक्रवारी एका व्हिलात तिला वीसेक लोकांपुढे उभी केली, हातात माइक दिला. बाई शेजारून कुजबुजत होत्या, "बोलो, प्रेयर से हुआ."

ती माइकमध्ये म्हणाली, "मम्मा मर गया. बेटी जिंदा. अभी मैं हर फ्रायडे चर्च जाना. मैडम, ओके?"

"आमेन!" ब्रदर मोठ्याने म्हणाले. टाळ्या पडल्या. वीस जणांच्या टाळ्यांत बाईंना ओके म्हणावंच लागलं. ते म्हणतानाचं त्यांचं तोंड मी अजून विसरलेले नाही, विसरायचं मनातही नाही.

आता ती दर शुक्रवारी दोनला निघते आणि सातच्या आत येते. आपण तिला कसं सोडतो, हे बाई माळेत सांगतात. सांगू देत. ती आली की मी आधी तिच्या तोंडाकडे बघते. मुलीचा आवाज अजून आलेला नाही.