टाके मोठे पडतात

दुपारी चारच्या सुमाराला मी बायकोला सुईत दोरा ओवून दिला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. तिला बारीक दिसायचं नाही, माझा हात थरथरतो. म्हणून सुई तिने घट्ट धरायची आणि दोरा मी घालायचा. चार वेळा चुकला.

"अहो, दोऱ्याला थुंकी लावा की. म्हातारे झालात, अजून शिकवायचं का?"

"शिकव. तुझं कामच ते," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

ती हसली नाही. गोधडीचा कोपरा मांडीवर ओढून म्हणाली, "कसलं माझं काम. टाके मोठे पडतात माझे. उद्या जरा बारीक सुई आणा."

"आणतो," म्हटलं.

टाके मोठे पडतात. हे वाक्य ती पन्नासच्या वर वर्षं बोलत होती, आणि ते तिचं नव्हतं. माझं होतं. मी बनवलेलं. तेव्हाच सांगून टाकायला पाहिजे होतं. उद्या सुई आणू तेव्हा बोलू, असं मनात म्हटलं. पहाटे ती झोपेतच गेली.

मी चौथी नापास माणूस. फिरवून लिहिता येत नाही, म्हणून घडलं तसं लिहितो.

लग्न झालं तेव्हा मी अंबरनाथला एका कारखान्यात खोकी भरायला होतो. ती बेलवलीची, शेतकऱ्याच्या घरातली. शाळेची पायरी चढलेली नाही, पण गोधडी अशी शिवायची की उलटी कुठली आणि सुलटी कुठली ते कळायचं नाही. कातरण आणायला ती चार नंबर कॅम्पात चालत जायची. फाळणीत घरं सोडून आलेले सिंधी लोक तिथे बराकींत राहायचे आणि मशीन टाकून कपडे शिवायचे, त्यामुळे दारोदार चिंध्यांचे ढीग. तिथल्या एका म्हातारीशी तिचं जमलं. हिला सिंधी येत नव्हतं, म्हातारीला मराठी येत नव्हतं. म्हातारी हिचं बोट धरून टाका दाखवायची आणि चुकला की त्याच बोटावर चापट मारायची. त्यांच्या गोधडीला रल्ली म्हणतात. रल्लीची नक्षी आणि बेलवलीचा टाका असं मिळून हिने जे केलं, ते आम्ही कुंपणावर वाळत घातलं होतं. ते आमच्या आळीमागच्या शाळेच्या हेडमास्तरांनी पाहिलं.

त्या काळात शाळेत मूलोद्योग असायचा. हाताला काम द्यायचं आणि कामातून पोरांना शिकवायचं, असा वरून हुकूम होता. पोरं टकळी फिरवायची, सूत तुटायचं, परत फिरवायची. हेडमास्तर मला म्हणाले, "वर्षभर सगळी शाळा सूत काढते आहे. एका माकडाची लंगोटीसुद्धा होणार नाही. तुमच्या मंडळींना शुक्रवारी पाठवाल का? मुलींना निदान हे तरी येऊ दे."

मला तेव्हा बरं वाटलं. पाठवली.

ती कसं शिकवायची ते आळीतल्या बाया सांगायच्या. ज्या पोरींना पाढे यायचे नाहीत, त्यांना टाके मोजून यायला लागले. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा कणभर तुकडा घालायचा, ही तिच्या माहेरची रीत. त्याला घास म्हणायचे. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाराला ऊब लागत नाही म्हणे. पोरी शुक्रवारी डब्यातला तुकडा त्यासाठी राखून ठेवायच्या. तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे घासाचं कुठल्या पुस्तकात आहे?" ही म्हणाली, "पुस्तकात नाय साहेब, गोधडीच्या पोटात हाय." साहेब खूप हसले, खूश झाले. हे तिने मला घरी येऊन दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "कळलं ना एकदा."

एका शुक्रवारी माझी पाळी लवकर सुटली. मी तिला न्यायला शाळेत गेलो. दारात उभा राहतो तर आतून पोरींचा गलका: "बाई, माझी गाठ सुटली!" "बाई, इकडे या ना!" "ओ बाई, हिने माझी सुई घेतली!"

माझं डोकं फिरलं. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी होते, बाप्ये. बाईमाणूस शिकवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाई म्हणजे माझ्या हिशेबात धुणंभांडी करणारी. मी तसाच आत घुसलो आणि तिथे उभ्या असलेल्या हेडमास्तरांना सगळ्यांदेखत म्हटलं, "माझी बायको मोलकरीण आहे का? काल जन्मलेल्या पोरी तिला बाई-बाई करतायत!"

एक पोरगी फिसकन हसली आणि मग सगळा वर्ग.

हेडमास्तर बिचारे हळूच म्हणाले, "अहो, शाळेत बाई म्हणजे मास्तरीण. मान देतायत त्या."

मी बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. पण तिने तोंडाला पदर लावला होता, आणि पदराच्या आत काय आहे ते मला माहीत होतं.

तिथे बिनसलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात ही गोष्ट माझ्या आधी पोचली होती. "काय रे, आज बाईंनी सोडलं का? गृहपाठ झाला?" "हात पुढे कर, छडी बसली का बघू." आठवडाभर तेच. घरी आलो की ती शुक्रवारसाठी चिंध्या जुळवत बसलेली. तिने मला कधी टोमणा मारला नाही. एक शब्द नाही. तरी मला तिच्या हातातली सुई बघवेनाशी झाली.

महिनाभराने ती भावाच्या लग्नाला बेलवलीला गेली होती. हेडमास्तर घरी आले. हातात कागद. म्हणाले, "साहेबांनी नाव उचलून धरलंय. कल्याणला शिवणाचा वर्ग आहे, तेवढा केला की शाळेत त्या कायमच्या बाई. लिहिता येत नसलं तरी तिथे शिकवतील. त्यांना विचारून उद्या सांगा."

विचारायला बेलवली किती लांब होती? दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन सांगितलं, "विचारलं. नको म्हणते ती. घरचं उरकत नाही."

हेडमास्तर म्हणाले, "असं त्या म्हणाल्या?"

"तीच म्हणाली."

ती परत आली. गुरुवारी चिंध्यांचं गाठोडं बांधायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "राहू दे. आता शिकलेली बाई आणणार आहेत."

"का? साहेब तर हसले होते."

काहीतरी सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "साहेबच म्हणाले. टाके मोठे पडतात तुझे."

तिने गाठोड्यातली एक गोधडी उलगडून दारातल्या उजेडात नेली आणि टाके बोटाने चाचपून पाहिले. "पडतात खरे," म्हणाली. तिने मान्यसुद्धा केलं. खरं सांगतो, तिथे एक जरी टाका मोठा नव्हता.

नंतर एकदा रस्त्यात हेडमास्तर समोरून आले, तर ही डोक्यावरचा पदर पुढे ओढून पलीकडच्या बाजूला गेली. तिला वाटलं, आपण त्यांना मान खाली घालायला लावली. त्यांना वाटलं असेल, हिला आपल्याशी बोलायचं नाही. मधे मी चालत होतो. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली आणि विषय मिटला. म्हणजे माझ्यासाठी मिटला.

तिचे टाके मात्र त्या दिवसापासून बारीक होत गेले. दरवर्षी आणखी बारीक. मुलीच्या बाळंतपणातली दुपटी, नातवंडांच्या गोधड्या, बघणारे म्हणायचे मशीनचं काम आहे. डोळे गेले त्यात. डॉक्टर म्हणाले वयाने गेले. डॉक्टरला काय माहीत.

ती गेली त्या सकाळी घरात माणसं जमली. स्मशानाचा फॉर्म भरायला मुलगी बसली. नाव, वय तिने भरलं. मग विचारलं, "बाबा, व्यवसाय. गृहिणी लिहू ना?"

"बाई लिही."

"बाई काय? कामवाली समजतील."

"शाळेतली बाई. शिवणाची."

तिला वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही. मग मी तिला सगळं सांगितलं, वर जे लिहिलं ते. तिने मधे तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "आईला सांगितलंत?"

"नाही."

तिने फॉर्म आणि पेन माझ्यासमोर सरकवलं. "तुम्हीच लिहा."

मी लिहिलं. अक्षरं मोठी पडली, चौकटीच्या बाहेर गेली.