भिंतीवरचं मिसरी नाव

आमच्या धाकट्या मामंजींइतके देव ओळखणारा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि आम्ही तर एकाच देवाला मानणारी ख्रिस्ती माणसं. लढाईत ते पलटणीचे स्वयंपाकी म्हणून मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, गेले आणि लंगडा पाय व पाच-पन्नास देव घेऊन परतले. एक देव कोल्ह्याच्या तोंडाचा, एक ससाण्याच्या, एक देवी तर चक्क मांजर. मांजरीनं दूध सांडलं म्हणून मी लाकूड उचललं तर म्हणाले, "सूनबाई, हळू! तिकडचे लोक हिला ववाळायचे." तिकडच्या सुना चहा कशाचा करीत असतील, असं माझ्या मनात आलं. शेणाची गोळी ढकलणारा किडा दिसला, की मामंजी त्याला वाट देऊन उभे राहत. सूर्यालासुद्धा म्हणे असाच एक किडा ढकलतो. उपासनेला उशीर झाला की कारण हेच.

मराठी 'अ' त्यांना येत नव्हता, पण मिसरी चित्रांची लिपी येत होती. पडक्या देवळांतल्या एका वाटाड्यानं रोजच्या डाळ-रोटीवर ती शिकवली होती. खरी की त्याच्या मनाची, कोण तपासणार? खाटेमागच्या भिंतीवर मामंजींनी कोळशानं घुबड, साप, हात आणि पाण्याच्या लाटा काढल्या. ते वारलेल्या धाकट्या सासूबाईंचं नाव. "नाव लिवलेलं असलं तवर मानूस सरत न्हाई, असं तिकडं मानायचे."

पाद्रीसाहेबांनी ते पाहिलं. "ही मूर्तिपूजा आहे!"

"न्हाई साहेब, अक्षरं हाईत. बायबलातला आपला योसेफ मिसरातच व्हता, त्याला वाचता येत असतील."

"रविवारच्या आत पुसा. नाहीतर मंडळीतून तुमचं नाव कमी करीन. मग कबरस्तानात जागा मिळायची नाही."

धाकट्या सासूबाईंच्या कबरीशेजारची जागा मामंजींनी दगड लावून स्वतःसाठी राखली होती. शनिवारी त्यांनी आपल्याच हातानं भिंतीवर पांढरी माती फिरवली. घुबड सगळ्यात शेवटी गेलं.

मग मला हाक मारली. "तू चार यत्ता शिकलीस. तुज्या अक्षरात लिव. त्याला साहेब काय म्हनत्यात बघू."

कोळसा घेऊन मी हळूच विचारलं, "काय लिहू?" मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे. मामंजींचा तर सगळा संसार "अगं"वरच झाला होता.

ते दाराकडे बघत राहिले. कानांपर्यंत लाल झाले.

"सगुणा," म्हणाले.

मला नीट ऐकू आलं होतं. तरी त्यांनी पुन्हा म्हटलं, "सगुणा."